मीटर परत पाठवण्याआधी फास्टिंग तपासा
उंदरांवर मधुमेहाचं काम करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"मीटर बदलून द्या, कंट्रोल ग्रुपचीच रीडिंग वर-खाली येतायत." रक्तातली साखर मोजणाऱ्या मीटरबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त येणारा फोन हाच. कंट्रोल ग्रुप म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले निरोगी उंदीर. मीटर कुरिअरने येतो. आम्ही कंट्रोल सोल्यूशनचा, म्हणजे ठरावीक साखर असलेल्या द्रावणाचा, थेंब लावून पाहतो, आकडा स्ट्रिपच्या डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो आणि तोच मीटर आपल्याकडे परत जातो. या ये-जा करण्यात आठवडा सहज जातो. तोवर उंदरांचं वय आणि वजन वाढलेलं असतं, आणि पूर्ण बॅचचं वेळापत्रक पुढे ढकलावं लागतं. मीटर कसा चालवायचा हे आपल्याला ठाऊकच आहे. आम्हाला सांगायचं आहे ते रक्ताचा थेंब पडण्याआधीच्या काही तासांबद्दल, म्हणजे फास्टिंगबद्दल, उंदीर उपाशी ठेवण्याबद्दल.

एका कॉलेजात अशाच तक्रारीसाठी आम्ही स्वतः गेलो होतो. सकाळचे आठ वाजले होते. उंदीर "रात्रभर उपाशी" होते, तरी एकाच पिंजऱ्यातले आकडे होते 168, 91, 174, 88, 159. मीटर बदलला, डबी बदलली, तरी तेच. मग पिंजऱ्याचं झाकण पूर्ण काढून तूस बोटांनी बाजूला सारलं. खाली पेलेटचा, म्हणजे खाद्याच्या गोळ्यांचा, चुरा होता, आणि कोपऱ्यात एक उंदीर पुढच्या दोन पायांत तुकडा धरून निवांत कुरतडत बसला होता. संध्याकाळी जाळीतलं खाद्य काढलं होतं, पण पिंजरा तोच राहिला होता. ज्यांना चुरा सापडला ते जेवले, बाकीचे उपाशी राहिले. मीटर दोघांचंही खरंच सांगत होता.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक ती हीच. खाद्य काढणं म्हणजे फास्टिंग नव्हे. फास्टिंग सुरू होतं ते उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात, नव्या तुसावर ठेवल्यापासून. उंदीर स्वतःची लेंडीही खातात, त्यामुळे जुनं तूस त्या कारणानेही नको. पाण्याची बाटली मात्र कायम राहू द्या. हे काम बहुतेक ठिकाणी अ‍ॅनिमल हाऊसचे मामा करतात, आणि त्यांना कुणी फक्त "खाद्य काढा" एवढंच सांगितलेलं असतं. त्यांना कारणासकट सांगा. आमचा अनुभव असा, की एकदा कारण कळलं की ते विसरत नाहीत.

दुसरा प्रश्न, किती तास? माणसाला रात्रभर उपाशी ठेवतात म्हणून उंदरालाही ठेवायचं, ही सवय फार जुनी आहे. पण माणूस रात्री झोपतो आणि उंदीर रात्री जेवतो. दिवसभराच्या खाण्यातला मोठा वाटा तो अंधारातच खातो. चौदा-सोळा तास उपाशी ठेवलं की यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जवळजवळ संपतं आणि वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरू शकतं. शिवाय लांबलेल्या उपासाने माणसात इन्शुलिनचा परिणाम मंदावतो, उंदरात तो उलट वाढतो. म्हणजे जो फरक शोधण्यासाठी प्रयोग मांडला, तोच झाकला जायची शक्यता. सकाळी दिवे लागल्यावर खाद्य काढून पाच-सहा तासांनी, दुपारी मोजणं हे ग्लुकोज टॉलरन्स टेस्टसाठी (ग्लुकोज देऊन साखर किती वेळात खाली येते ते पाहण्यासाठी) बहुधा पुरेसं असतं. ब्लॅक सिक्स या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जातीच्या निरोगी उंदरात तेव्हा साधारण 100 ते 160 मि.ग्रॅ./डे.लि. दिसतं. ते माणसाच्या मानाने जास्त वाटलं तरी दोष समजू नका. तासांत बदल करायचा तर तो आधी संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीकडून मंजूर करून घ्यावा लागेल, हे लक्षात असू द्या. प्रोटोकॉल लिहितानाच विचार केलेला बरा.

उंदीर हातात धरण्याबद्दल थोडक्यात. घाबरलेल्या उंदराची साखर मिनिटांत चढते. रेस्ट्रेनरची (उंदीर स्थिर धरून ठेवणाऱ्या साधनाची) सवय प्रयोगाआधी चार-पाच दिवस रोज करून घ्या. एकाच पिंजऱ्यातून पाचवा उंदीर काढेपर्यंत तो चार वेळा दचकलेला असतो, म्हणून कोणता उंदीर कितवा काढला हे वहीत लिहा आणि गटांचा क्रम मिसळा. सगळे कंट्रोल आधी आणि सगळे डायबेटिक शेवटी, असं करू नका. शेपटी स्पिरिटने पुसली तर पूर्ण सुकू द्या आणि पहिला थेंब पुसून टाका. शेपटी पिळून थेंब काढू नका, ऊतींतलं पाणी मिसळून आकडा बिघडतो. थेंब येत नसेल तर शेपटीला हलकी ऊब द्या. आम्ही देतो त्या स्ट्रिपला अर्धा मायक्रोलिटर पुरतं. 25 ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून दोन मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं आणि टेस्टमध्ये 0, 15, 30, 60, 90, 120 मिनिटांना सहा वेळा थेंब घ्यायचा असतो. थेंब जितका लहान, तितकं उंदराचं भलं.

केटामीन-झायलाझीनची भूल देऊन मोजलेल्या आकड्यांबद्दल कृपया आमच्याशी वाद घालू नका. झायलाझीन इन्शुलिन अडवतं, साखर वाढणारच.

स्ट्रिप्सचं दुखणं पावसाळ्यात वर येतं, कोकणातून तर हमखास. डबीचं झाकण घट्ट लावा, स्ट्रिप काढताच पुन्हा लावा, फ्रिजमध्ये ठेवू नका. उघडलेली डबी आम्ही परत घेत नाही. काहींना याचा राग येतो, पण ती डबी कुठे, किती वेळ उघडी होती हे आम्हाला कळायला मार्ग नाही आणि ती दुसऱ्या कुणाला देणं आम्हाला पटत नाही. त्याऐवजी पूर्ण प्रयोगाला लागतील तेवढ्या स्ट्रिप्स एकाच लॉटच्या राखून ठेवतो आणि लागतील तशा पाठवतो. मध्येच लॉट बदलण्याची वेळ येत नाही.

मधुमेह घडवण्यासाठी स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या उंदरांत मीटर "एचआय" (हाय) दाखवतो, तेव्हा त्याची मर्यादा संपलेली असते. तिथे 600 लिहून सरासरी काढू नका. अशा नमुन्यांचं प्लाझ्मा वेगळं करून ग्लुकोज ऑक्सिडेज किटने मोजा. किट आमच्याकडे मिळतात, आपल्या केमिस्टकडून घेतलेत तरी चालेल. तसंच माणसासाठी बनवलेल्या मीटरचा आकडा उंदराच्या प्लाझ्माशी तंतोतंत जुळेलच असं नाही, कारण रक्तपेशी आणि प्लाझ्मा यांच्यातली साखरेची वाटणी दोघांत वेगळी असते. गटागटांत तुलना करायला तो चांगला आहे. शोधनिबंधात नेमका आकडा द्यायचा असेल तर काही नमुने किटनेही मोजून ठेवा. आणि एखाद्या गटाला व्हिटॅमिन सी किंवा पॅरासिटामॉल देणार असाल तर ऑर्डर देतानाच सांगा, काही स्ट्रिप्सवर त्यांचा परिणाम होतो.

मीटर पाठवायचाच असेल तर सोबतच्या चिठ्ठीवर एवढं लिहा: खाद्य किती वाजता काढलं, पिंजरा बदलला का, मोजलं किती वाजता, डबी कधी उघडली. चिठ्ठीशिवाय आलेला मीटर आम्ही तपासतो, पण आधी फोन करून हेच विचारतो आणि त्यात आणखी एक दिवस जातो. तपासणी चालू असताना दुसरा मीटर विनामूल्य वापरायला देतो, आणि नव्या विद्यार्थ्यांची तुकडी आली की अर्धा दिवस येऊन प्रात्यक्षिकही दाखवतो. दुपारची वेळ द्या, सकाळी दिवे लागल्यावर पिंजरे बदलून ठेवा.