टीमवर्कच्या स्लाइडमागची खाण आणि गिरणी

ऑफिसात टीम बिल्डिंगचं ट्रेनिंग लागलं की ती स्लाइड येतेच, फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग, म्हणजे टीम आधी जमते, मग भांडते, मग तिची घडी बसते आणि मग काम करते. हे मांडलं मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमनने, 1965 ला. पण हा माणूस कुठल्या कारखान्यात जाऊन बसला नव्हता बरं का, आधी छापून आलेले पन्नासेक अभ्यास वाचून त्याने ते मांडलं, आणि त्यातले बरेचसे थेरपी ग्रुपवरचे होते. कामावरच्या टीमचं खरं बघायचं तर थोडं मागे जावं लागतं.

माणसं आणि त्यांचे गट यांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधले एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ. बॅमफर्थ स्वतः जुना खाणकामगार. 1951 ला दोघांनी इंग्लंडच्या कोळसा खाणींवर पेपर लिहिला. आधी दोघं-तिघं मिळून कोळसा फोडायचे, भरायचे, छताला टेकू द्यायचे, सगळं तेच करायचे, जोडीदारही स्वतःच निवडायचे आणि एखादा जखमी झाला की त्याच्या घरच्यांचं बाकीचे बघायचे. मग मशीन आली, लांबच लांब फेस (म्हणजे कोळसा कापायची भिंत) आणि तीन पाळ्या, एकीने कापायचं, दुसरीने कन्व्हेअर सरकवायचा, तिसरीने भरायचं. मशीन भारी पण उत्पादन वाढेना, गैरहजेरी वाढली, आणि आधीच्या पाळीने घातलेला घोळ पुढच्या पाळीच्या गळ्यात. शेवटी साउथ यॉर्कशरच्या एका खाणीत त्यांना दिसलं की कामगारांनीच गट करून कामं आलटून पालटून घेतलीयेत, वरून कोणी सांगितलेलं नव्हतं.

हेच मग आपल्याकडे आलं. 1953 ला टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको कापड मिलमधे आले. नवे ऑटोमॅटिक साचे (म्हणजे माग) बसवलेले तरी माल जेमतेम. कारण एकाच साचेखात्यात कामांचे बारा प्रकार, विणकर, साचे नीट चालते ठेवणारा जॉबर, बॉबिनवाला, तेलवाला, झाडूवाला, आणि प्रत्येकाचे साचे वेगवेगळे! म्हणजे एखादा साचा बंद पडला की ज्याला बोलवायचं तो नेमका दुसऱ्याच कोणाच्या साच्यावर अडकलेला. राइसने सुचवलं, ठरावीक साचे एका छोट्या गटाकडे द्या. कामगारांनी आणि सुपरवायझरांनी ती कल्पना लगेच उचलली आणि कोण कोणाच्या गटात हे स्वतःच ठरवलं. एफिशियन्सी 80 टक्क्यांच्या आसपास होती ती 95 च्या घरात गेली, खराब कापड कमी झालं. मधे घसरणही झाली, सुरुवातीला माल काढायच्या नादात देखभालीकडे दुर्लक्ष झालं होतं, पण गटांनी ते सावरून घेतलं.

पुढे स्वीडनच्या व्होल्वो या गाड्यांच्या कंपनीने 1974 ला तिथल्याच काल्मारमधे नेहमीची असेंब्ली लाइन नसलेला नवा कारखाना सुरू केला आणि गटांना गाडीचे भाग वाटून दिले, त्याची गाजावाजा करून चर्चा झाली. अहमदाबादचं नाव मात्र आपल्याच एचआरवाल्यांना क्वचितच माहीत असतं, आणि माझ्या मते ते जास्त कामाचं उदाहरण आहे, कारण तिथे माणसं तीच होती, साचे तेच होते, बदलली होती फक्त कामाची वाटणी, आणि आपल्याकडे मात्र वाटणीला हात न लावता सगळ्यांना लोणावळ्याला नेऊन दोरीखेच खेळायला लावतात.