बॉनेटची फट आणि डोळ्यातला व्हर्निअर

जॅग्वार ई-टाइप बाजूनं पाहिली की निम्मी गाडी म्हणजे बॉनेटच वाटतं. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचं नाक, पुढची दोन्ही मडगार्डं आणि वरचा पत्रा मिळून एकच अवाढव्य झाकण होतं, आणि ते पुढच्या टोकाच्या बिजागऱ्यांवर उघडतं. दिसायला देखणं, पण बसवायला घेतलं की भल्याभल्यांचा घाम काढतं.

कारण साधी भूमिती. समजा, दोन बिजागऱ्यांत अर्ध्या मीटरचं अंतर आहे आणि बॉनेट दीड मीटर लांब आहे. एका बिजागरीमागे १ मिलिमीटर जाडीची पत्र्याची चकती, म्हणजे शिम, जास्त पडली तर मागचं टोक ३ मिलिमीटर आडवं सरकतं. शिवाय एका दाराजवळची फट रुंदावते आणि दुसरीकडची मिटत जाते. त्यात हे सगळं ज्या नळ्यांच्या सांगाड्यावर बसतं, तो बॉडीला बोल्टनं जोडलेला असतो. जुन्या अपघातात त्याची एखादी नळी वाकली असेल, तर चकत्या बदलत बसण्यात दिवस जातो आणि फट तशीच राहते.

म्हणून जाणकार कारागीर बॉनेटला शेवटी हात लावतात. मागची मडगार्डं बॉडीला वेल्ड केलेली, ती हलणार नाहीत. आधी दार त्यांना जुळवायचं, मग बॉनेट दाराला. तेही गाडी चाकांवर उभी असताना आणि इंजिन जागेवर असताना. छत नसलेली गाडी वजनानं मध्ये किंचित झोळते आणि दाराची फट वरच्या बाजूला आवळते.

मग फट ठेवायचीच कशाला? एक तर झाकण उघडायला जागा हवी. शिवाय धातू तापला की वाढतो. ४० अंशांच्या फरकानं दीड मीटर पोलाद सुमारे ०.७ मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट.

खरी गंमत मात्र आपल्या डोळ्याची आहे. दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात साधारण १ कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा कोन लागतो. पण दोन रेषा सरळ एका ओळीत आहेत की जराशा सरकलेल्या, हे डोळा त्याच्या दहापट बारकाईनं ओळखतो. रेषेला रेषा जुळवून बारीक माप घेणाऱ्या व्हर्निअर मापपट्टीवरून याला व्हर्निअर तीक्ष्णता म्हणतात. सुतार एक डोळा मिटून फळीची कड बघतो तेव्हा हेच वापरत असतो. त्यामुळे सलग ५ मिलिमीटरची फट नजरेआड होते, आणि ३ वरून ५ वर गेलेली खुपते. फट अरुंद असण्यापेक्षा सारखी असणं जास्त महत्त्वाचं, असं माझं तरी मत आहे.

बिजागऱ्यांनी भागलं नाही की कडेला शिसं चढवायची जुनी रीत आहे. ७० टक्के शिसं आणि ३० टक्के कथील हे मिश्रण १८३ अंशांना मऊ पडू लागतं, पण पूर्ण वितळायला अडीचशेच्या वर जावं लागतं. मधल्या टप्प्यात ते लोण्यासारखं असतं. लाकडी थापीनं ते पसरायचं, थंड झालं की कानशीनं घासायचं, आणि पुन्हा बॉनेट मिटवून खाली वाकून बघायचं.