पोलिश श्रमस्थलांतर : ब्रिटनवर झालेले परिणाम

१ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय महासंघात आला आणि त्या दिवसापासून पोलिश कामगारांना ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय काम करण्याची मुभा मिळाली. पुढच्या दशकभरात लाखो पोलिश स्त्रीपुरुष तिथे गेले. इंग्लंड व वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५८ हजार होती, २०११ मध्ये ती ५ लाख ७९ हजारांवर आणि २०२१ मध्ये ७ लाख ४३ हजारांवर गेली. २०११ च्या मोजणीत इंग्लंडमध्ये इंग्रजीखालोखाल सर्वाधिक लोकांची मुख्य भाषा पोलिश होती. मजुरी, सरकारी तिजोरी, शाळा, घरे, शेती, कारखाने आणि शेवटी राजकारण या सगळ्यांवर या स्थलांतराचा परिणाम झाला, पण सगळीकडे सारखा नाही. फायदा देशभर पातळ पसरला, ताण मात्र ठरावीक गावांवर आला आणि त्या गावांपर्यंत पैसा वेळेवर पोचला नाही. या विषयातील बहुतेक वादांचे मूळ इथे आहे.

ब्रिटनच का?

२००४ मध्ये महासंघात आलेल्या पूर्व युरोपातील आठ देशांच्या कामगारांसाठी जुन्या सभासदांपैकी फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी दार लगेच उघडले. जर्मनी व ऑस्ट्रियाने सात वर्षांची पूर्ण मुदत वापरली आणि बंधने १ मे २०११ ला उठवली. पोलंडमध्ये तेव्हा बेरोजगारी १९-२० टक्क्यांच्या घरात होती. तिथले किमान वेतन महिन्याला ८२४ झ्लॉटी (पोलंडचे चलन) होते. ब्रिटनमधील किमान वेतन त्या उन्हाळ्यात तासाला ४.५० पौंड, म्हणजे चाळीस तासांच्या आठवड्याला १८० पौंड होते. पौंडाला साधारण सात झ्लॉटी मिळत. त्यामुळे पूर्व इंग्लंडमधील लिंकनशायर या शेतीप्रधान भागातील एका आठवड्याची मजुरी पोलंडमधील महिन्याच्या किमान पगाराच्या दीडपट भरत असे. २००८ च्या उन्हाळ्यात पौंड चार झ्लॉटींच्या आसपास घसरला, त्यात मंदी आली आणि परतणाऱ्यांची संख्या वाढली. या स्थलांतराची भरतीओहोटी समजून घ्यायची तर विनिमय दर सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

ब्रिटिश गृहखात्यासाठी २००३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात नव्या देशांतून वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार लोक येतील असा अंदाज निघाला होता. इतर मोठे देश, विशेषतः जर्मनी, एकाच वेळी दार उघडतील हे त्यात गृहीत होते. ते घडले नाही आणि जर्मनीकडे जाणारा मोठा ओघ ब्रिटनकडे वळला. पुढे हा आकडा 'सरकारने फसवले' याचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे फिरत राहिला. त्यामागचे गृहीतक मात्र क्वचितच कोणी सांगितले.

आधीची पिढी

पोलिश लोक ब्रिटनला नवे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या आणि घरी परतू न शकलेल्या पोलिश सैनिकांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा झाला. १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये पोलंडमध्ये जन्मलेले १ लाख ६० हजारांहून अधिक लोक होते. त्यांत महाराष्ट्राच्या ओळखीची माणसेही होती. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत स्त्रिया व मुले अधिक होती. छावणी उठल्यावर त्यांपैकी अनेक कुटुंबे ब्रिटनला गेली. या पिढीने उभ्या केलेल्या चर्च-मंडळ्या, क्लब आणि शनिवारच्या पोलिश शाळा साठ वर्षांनी आलेल्या कामगारांना तयार मिळाल्या. खोली कुठे मिळेल, कोणता मुकादम पैसे बुडवतो, मुलाला शाळेत घालायला कोणते कागद लागतात, ही माहिती रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात मिळत असे.

नोंदणी आणि तिचे दोष

कामगारांची मोजदाद ठेवण्यासाठी आणि त्यांच्या सामाजिक मदतीवर मर्यादा घालण्यासाठी २००४ ते ३० एप्रिल २०११ या काळात कामगार नोंदणी योजना चालली. कामाला लागल्यापासून महिन्याच्या आत अर्ज करायचा असे. शुल्क सुरुवातीला ५० पौंड होते, पुढे ते ९० वर गेले. नोकरी बदलली की नव्या मालकासाठी पुन्हा नोंदणी करावी लागे. सलग बारा महिने नोंदणीकृत काम झाल्याशिवाय बेकारी भत्त्यासारख्या मदतीचा पूर्ण हक्क मिळत नसे. या बारा महिन्यांत कामातील खंड एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त झाला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होई.

हंगामी शेतमजुराला याचा सर्वांत जास्त फटका बसला. स्ट्रॉबेरी संपून कोबी सुरू होईपर्यंत पाच-सहा आठवडे रिकामे गेले की आधीचे आठ-नऊ महिने वाया जात. शुल्क टाळण्यासाठी किंवा 'मी भरतो तुझा अर्ज' म्हणणाऱ्या मध्यस्थावर विसंबून अनेकांनी नोंदणी केलीच नाही. त्यांची कायदेशीर कामाची वर्षे कागदावर आलीच नाहीत आणि पुढे कायम वास्तव्याचा हक्क मागताना ती उणीव उघडी पडली. २००९ मध्ये या योजनेला दिलेली दोन वर्षांची मुदतवाढ बेकायदा होती, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. तोवर दहा वर्षे उलटली होती.

मोजणीच्या दृष्टीनेही योजना लंगडी होती. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना तिच्यातून सूट होती, त्यामुळे अनेक गवंडी, सुतार, नळदुरुस्ती करणारे तिच्या आकड्यांत येत नसत. देश सोडून जाणाऱ्याची तर नोंदच होत नसे.

मजुरी आणि रोजगार

पोलिश कामगार आल्याने स्थानिकांच्या नोकऱ्या गेल्या का? देशपातळीवर बेरोजगारीत ठळक वाढ अभ्यासकांना आढळली नाही. कामाचा साठा ठरावीक असतो आणि एकाने घेतले की दुसऱ्याचे जाते, ही समजूत इथे टिकत नाही. आलेला माणूस भाडे भरतो, किराणा घेतो, बसने फिरतो, त्यातून नवे काम तयार होते. मजूर मिळू लागल्यामुळे नवी पिके घेतली गेली, कारखान्यांत रात्रपाळ्या वाढल्या. पोलिथिनच्या बोगद्यांत उंच मांडणीवर स्ट्रॉबेरी घेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये फोफावली, ती या हातांच्या भरवशावर.

मजुरीच्या शिडीवर मात्र परिणाम एकसारखा नव्हता. स्थलांतरामुळे तळाच्या पाचव्या हिश्श्याची मजुरी किंचित दबते आणि त्यावरच्या थराची किंचित वाढते, असे डुस्टमान, फ्राटीनी व प्रेस्टन या अर्थतज्ज्ञांच्या २०१३ च्या अभ्यासात दिसले. बँक ऑफ इंग्लंडसाठी निकेल व सलाहीन यांनी २०१५ मध्ये काढलेला आकडा सर्वाधिक गाजला आणि सर्वाधिक चुकीचा वापरला गेला. एखाद्या भागातील निमकुशल व अकुशल सेवाक्षेत्रात स्थलांतरितांचा वाटा १० टक्केबिंदूंनी वाढला, म्हणजे समजा २० वरून ३० टक्क्यांवर गेला, तर तिथली मजुरी जवळपास २ टक्क्यांनी कमी होते, असे ते सांगत होते. प्रचारसभांत त्याचे 'स्थलांतरित १० टक्क्यांनी वाढले की मजुरी २ टक्क्यांनी घटते' असे झाले. २० चे २२ होणे आणि २० चे ३० होणे यांत फार मोठा फरक आहे. प्रत्यक्षातील वाढ लावून पाहिली तर सुमारे आठ वर्षांत मिळून परिणाम एक टक्क्याच्या आसपास येतो. सफाई, गोदाम किंवा वृद्धसेवेत काम करणाऱ्या माणसाला एक टक्काही जाणवतो, त्यामुळे त्याची तक्रार खोटी ठरवणे योग्य नाही.

दुसरा तोटा कमी दिसतो. पदवी असलेल्या कितीतरी पोलिश तरुणांनी इंग्रजी कच्चे असल्याने किंवा प्रमाणपत्रांना मान्यता नसल्याने कोंबडी कापण्याच्या पट्ट्यावर वर्षे काढली. त्यांच्या शिक्षणाचा उपयोग ना पोलंडला झाला, ना ब्रिटनला.

मुकादमी आणि पगारपत्रक

शेती व अन्नप्रक्रियेतील मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला मराठीत मुकादम हाच नेमका शब्द आहे. माणसे गोळा करणे, राहायला जागा देणे, गाडीने शेतावर नेणे आणि पगार वाटणे, सगळे एकाच हातात. फेब्रुवारी २००४ मध्ये वायव्य इंग्लंडमधील मोरकम खाडीत शिंपले गोळा करणारे चिनी मजूर भरतीत बुडून मेले. त्यानंतर त्याच वर्षी मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. २००६ पासून तो लागू झाला, पण फक्त शेती, शिंपले वेचणे आणि अन्नप्रक्रिया यांना. बांधकाम, गोदामे आणि सफाई बाहेर राहिली आणि गैरप्रकार तिकडे सरकले.

फसवणूक कशी होते ते पगारपत्रक पाहिल्याशिवाय कळत नाही. ऑक्टोबर २००७ पासून किमान वेतन तासाला ५.५२ पौंड होते. चाळीस तासांचे २२०.८० पौंड. मालकाने राहायला जागा दिली तर त्यापोटी किमान वेतनातून आठवड्याला जास्तीत जास्त ३०.१० पौंड वळते करता येत. मुकादमाने ५० पौंड कापले की वरचे १९.९० पौंड थेट मजुरीतून गेले. हिशेबी मजुरी २००.९०, म्हणजे तासाला ५.०२ पौंड, अर्थात कायद्याचा भंग. हे लपवण्यासाठी घराचा करार वेगळ्या नावाने केला जाई. पण खरी गोम तासांत असे. पावसामुळे किंवा सुपरमार्केटने मागणी कमी केल्यामुळे त्या आठवड्यात बावीसच तास मिळाले तर हाती १२१.४४ पौंड येत आणि खोलीचे ५० पौंड तसेच कापले जात. मजुराला नोकरी सोडता येत नसे, कारण नोकरी सोडली की खोलीही जाई.

याचे सर्वांत भयंकर टोक २०१९ मध्ये न्यायालयात उघड झाले. वेस्ट मिडलंड्स भागात एका पोलिश टोळीने पोलंडमधून बेघर, व्यसनी, तुरुंगातून सुटलेली माणसे आणून त्यांच्या नावाने बँक खाती उघडली, मजुरी स्वतः उचलली आणि त्यांना उंदीर फिरणाऱ्या खोल्यांत कोंबले. बळी ४०० हून अधिक असावेत असा तपासयंत्रणेचा अंदाज होता. लुटणारे आणि लुटले जाणारे एकाच देशाचे होते.

कामगार संघटनांनी काही ठिकाणी चांगले काम केले. जीएमबी संघटनेने २००६ मध्ये साउथॅम्प्टनला पोलिश भाषकांची स्वतंत्र शाखा काढली. पगारपत्रक वाचायला शिकवणे हेच अशा कामात सर्वांत उपयोगी ठरते.

तिजोरी भरली, नगरपालिका रिकामी

आलेले बहुतेक लोक विशी-तिशीतले, निरोगी, काम करणारे होते. त्यांच्या शालेय शिक्षणाचा खर्च पोलंडने केला होता. डुस्टमान व फ्राटीनी यांच्या २०१४ च्या हिशेबानुसार २००४ नंतरच्या नव्या सभासद देशांतून आलेल्यांनी २०११ पर्यंत जेवढे घेतले त्यापेक्षा सुमारे ५ अब्ज पौंड अधिक कररूपाने दिले.

हा पैसा लंडनच्या तिजोरीत गेला. स्थानिक संस्थांना केंद्राकडून मिळणारे अनुदान लोकसंख्येच्या अंदाजावर ठरे आणि तो अंदाज चुकत होता. स्थलांतर मोजण्याचे मुख्य साधन म्हणजे विमानतळांवरील प्रवासी-पाहणी. तिचा भर मोठ्या विमानतळांवर होता. पोलिश कामगार मात्र स्वस्त विमानांनी ल्यूटन, स्टॅनस्टेड आणि प्रादेशिक विमानतळांवर उतरत होते. २०११ ची जनगणना झाली तेव्हा इंग्लंड व वेल्सची लोकसंख्या चालू अंदाजापेक्षा ४ लाख ६४ हजारांनी अधिक निघाली आणि या फरकाचा मोठा भाग पूर्व युरोपातून आलेल्यांचा होता. तोवर लंडनजवळच्या स्लाउसारखी शहरे वर्षानुवर्षे 'आमची माणसे मोजा' म्हणत होती.

शाळांचेही तेच. निधी वर्षातील एका ठरलेल्या दिवसाच्या पटसंख्येवर मिळे. त्यानंतर आलेल्या, इंग्रजीचा शब्द न येणाऱ्या मुलासाठी शिक्षक व दुभाषी शाळेने स्वतःच्या पैशातून पाहायचे. दवाखान्यांत तरुणांची गर्दी फार नव्हती, पण प्रसूतिगृहांवर भार आला. २०१० पासून काही वर्षे इंग्लंड व वेल्समध्ये परदेशी जन्मलेल्या मातांत पोलिश माता सर्वाधिक होत्या. २००९ मध्ये स्थलांतराचा ताण आलेल्या भागांसाठी वर्षाला ३५ दशलक्ष पौंडांचा निधी सुरू झाला आणि २०१० मध्ये नव्या सरकारने तो बंद केला. ही त्या काळातील सर्वांत महागात पडलेली काटकसर म्हणावी लागेल.

घरांच्या बाबतीत, तीन खोल्यांच्या जुन्या चाळवजा घरात आठ-दहा जण, पाळीनुसार एकाच खाटेवर दोघे, असे प्रकार झाले. पाच किंवा अधिक भाडेकरूंच्या घरांना २००६ पासून परवाना लागला, पण घर तीन मजली असेल तरच. छोट्या गावांतील घरे दुमजली असल्याने सुटली. ही अट २०१८ मध्ये काढली.

बॉस्टन

लिंकनशायरमधील बॉस्टन हे भाजीपाल्याच्या सपाट काळ्या जमिनीतील बाजारगाव. २०११ मध्ये तिथल्या १०.६ टक्के लोकांचा जन्म महासंघाच्या नव्या देशांत झाला होता, आणि हे दहा वर्षांच्या आत घडले. फ्लॉवर तोडणी तिथे चालत्या यंत्रामागे होते. मजूर ओळीतून चालत, गड्डा हाताने चाचपून, योग्य आकाराचाच सुरीने कापतो, भोवती चार-पाच पाने ठेवतो आणि यंत्राच्या पट्ट्यावर टाकतो. यंत्रावरचे लोक तिथेच पिशवी, लेबल, क्रेट उरकतात. कोणता गड्डा आज आणि कोणता तीन दिवसांनी, हे हाताला कळायला काही आठवडे लागतात. हे काम करणारे स्थानिक आधीच कमी झाले होते. पण घरभाडे, दवाखान्यातील रांग आणि बाजारपेठेतील बदललेल्या पाट्या सगळ्यांनाच दिसत होत्या. २३ जून २०१६ च्या सार्वमतात बॉस्टनने महासंघ सोडण्याच्या बाजूने ७५.६ टक्के मते दिली, देशात सर्वाधिक. लंडनसारख्या ठिकाणी स्थलांतरित अधिक असूनही मत उलटे पडले. एकूण संख्येपेक्षा बदलाचा वेग लोकांना अधिक बोचतो, हे त्यातून दिसते.

बाहेर पडल्यानंतर

सार्वमतानंतर पौंड घसरला, पोलंडमधील पगार वाढत होते आणि लंडनमधील पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर शिवी रंगवली गेली. लोक परतू लागले. ब्रिटन महासंघातून बाहेर पडला आणि मुक्त संचार, म्हणजे महासंघातील नागरिकांना परवान्याशिवाय येऊन राहण्याची व काम करण्याची मुभा, ३१ डिसेंबर २०२० ला संपला. आधीपासून राहणाऱ्यांना ३० जून २०२१ पर्यंत वास्तव्यासाठी अर्ज करायचा होता. पाच वर्षे पूर्ण झालेल्यांना कायम दर्जा, इतरांना तात्पुरता. पगार रोखीने घेतलेले आणि करार नसलेले लोक पुरावा जमवताना अडले.

शेतीसाठी मग हंगामी व्हिसा आला. २०१९ मध्ये २,५००, २०२० मध्ये १०,००० आणि २०२१ मध्ये ३०,००० जागा. आधी युक्रेन, मग नेपाळ, उझबेकिस्तान, किर्गिझस्तान, इंडोनेशिया इथून मजूर येऊ लागले. जास्तीत जास्त सहा महिने, कुटुंब आणता येत नाही. शाळा आणि प्रसूतिगृहावर भार नाही, पण पूर्वीचा पोलिश मजूर मालक पटला नाही तर शेजारच्या शेतावर जाऊ शकत असे, ती मोकळीक नव्या मजुराला फारशी नाही. तो प्रवासासाठी कर्ज काढून येतो आणि फ्लॉवरचा गड्डा ओळखायला हात बसतो न बसतो तोच त्याची मुदत संपत येते.