विमानतळ ते फोर्ट: मुंबईत उतरल्यावरचा जुना पेच

सांताक्रूझ विमानतळाला सर्वांत जवळचं रेल्वे स्टेशन सांताक्रूझ नाही, विलेपार्ले आहे. आणि ज्याला निम्मी मुंबई अजून 'सहार' म्हणते त्या टर्मिनल 2 ला अंधेरी. नावावर विसंबून सांताक्रूझला उतरलेला पाहुणा रिक्षावाल्याची बोहनी करून देतो, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. तिन्ही स्टेशनं विमानतळापासून हाकेच्या नसली तरी फार लांबही नाहीत. तरीही विमानातून उतरून थेट मेट्रोत बसावं आणि दक्षिण मुंबईतल्या फोर्टात उतरावं, ही सोय व्हायला 2025 साल उजाडलं.

मुंबईचं विमान उडालं तेच मुळी उपनगरातून. जुहूचा विमानतळ 1928 सालचा. कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटा अहमदाबादमार्गे 15 ऑक्टोबर 1932 ला उतरले ते तिथेच. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाचा तळ झाला आणि युद्धानंतर नागरी विमानं तिकडे सरकली. दोन्ही धावपट्ट्या इतक्या जवळ की 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं एक जेट सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरलं. वैमानिकांची ही गत, तर प्रवाशांना कोण नावं ठेवणार!

विमानतळ उत्तरेला आणि शहराचा जीव दक्षिणेच्या टोकाला. बँका, कचेऱ्या, हायकोर्ट, मंत्रालय, सगळं फोर्ट आणि नरिमन पॉइंटच्या पट्ट्यात. मधलं अंतर साधारण पंचवीस किलोमीटर, पण खरी अडचण अंतराची नव्हती, चिंचोळेपणाची होती. पश्चिमेकडून शहरात शिरायचं तर माहीमची खाडी ओलांडायची आणि त्यासाठी रस्ता एकच, 1845 सालचा माहीम कॉजवे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी त्यासाठी 1,57,000 रुपये दिले आणि लोकांकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. विमानतळाहून निघालेली प्रत्येक टॅक्सी दीडशे वर्षांपूर्वीच्या या वाटेच्या तोंडाशी येऊन रांगेत उभी राहायची.

सुरुवातीला हा प्रश्न फारसा कुणाला पडत नव्हता, कारण विमानाने येणाराला घ्यायला बहुधा मोटार यायची. नाहीतर विमान कंपनीची बस. नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत 1974 मध्ये उभी राहिली आणि विमानतळाची बस पुढे कितीतरी वर्षं तिथून सुटत असे. ती बस आता कुणाच्या आठवणीतही फारशी नाही. लक्षात राहिली ती काळी-पिवळी टॅक्सी.

याचं एक कारण घड्याळात आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झालं. आखाताकडची आणि युरोपची विमानं येणार-जाणार ती मध्यरात्रीनंतर. लोकल मात्र रात्री एकच्या सुमारास झोपते आणि पहाटे चारला उठते. म्हणजे ज्या वेळी सहारला सर्वांत जास्त गर्दी, त्याच वेळी स्टेशनला कुलूप. दुबई-मस्कतला निघालेल्या रत्नागिरीच्या माणसाला सोडायला तर अख्खं घर जीपमध्ये कोंबून रातोरात यायचं. रडारड, फोटो, डबे, आणि मग उजाडेपर्यंत बाहेरच्या कठड्यावर बैठक. सहारचं टर्मिनल हे कोकणातल्या एका पिढीला जवळजवळ एसटी स्टँडसारखं परिचयाचं झालं होतं.

तेव्हाची टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, जिला टॅक्सीवाला शेवटपर्यंत फियाटच म्हणाला. पुढे सीएनजी आला, टाकी डिकीत बसली आणि बॅगांची जागा गेली. मग टपावरचं कॅरिअर, त्यावर सुटकेसा, त्यांना सुंभाची दोरी. पावसात वर प्लास्टिक. मीटर बाहेर बॉनेटच्या बाजूला आणि त्यावर दिसणारा आकडा खरा नव्हे. भाडं वाढलं की मीटर बदलत नसे, नवं टॅरिफ कार्ड छापलं जाई आणि त्यात बघून आकडा वाचायचा. मुंबईकराला हे पाठ, परक्याला पत्ता नाही. सामानाचे पैसे वेगळे, आणि कुलाब्याला जायचं म्हटल्यावर भाव वेगळाच सांगणारेही होते. आगाऊ पैसे भरून पावती घेण्याची प्रीपेड खिडकी निघाली ती या कटकटीतून. माझ्या मते मुंबईच्या विमानतळावरची ती सर्वांत शहाणपणाची सुधारणा. तिच्यामुळे गाडी चांगली मिळाली असं नाही, भांडण मात्र टळलं.

रिक्षाचं काय? इथे मुंबईचा खास कायदा आडवा येतो. रिक्षा फक्त उपनगरात. पश्चिमेला वांद्रे, पूर्वेला शीव, त्याच्या दक्षिणेला तिला मज्जाव. विमानतळाबाहेर रिक्षाच रिक्षा, पण एकही फोर्टात जाणार नाही. म्हणून कमी खर्चात यायचं तर गेली कित्येक दशकं एकच मार्ग होता: रिक्षाने पार्ले किंवा अंधेरी, तिथून चर्चगेट लोकल. आमच्या घरात याचा एक अलिखित नियम होता. एक बॅग असेल तर लोकल, दोन असतील तर टॅक्सी. सकाळी आठ ते अकरा विमान उतरलं तर बॅगा मोजायच्याही नाहीत.

26 जुलै 2005 ला हे सगळे हिशोब वाहून गेले. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, धावपट्टीखालून वाहणारी मिठी नदी फुगली, विमानतळ बंद, लोकल बंद, रस्ते पाण्यात. त्या दिवशी वाहन निवडण्याची वेळच कुणावर आली नाही. लोक चालत गेले.

त्यानंतरच्या दहा वर्षांत रस्त्यावर खूप काही झालं. फोन करून मागवायच्या वातानुकूलित टॅक्सी आल्या, मग ओला, 2014 मध्ये उबर. वांद्रे-वरळी सागरी सेतू 30 जून 2009 ला उघडला आणि माहीम कॉजवेची मक्तेदारी मोडली. टोल देऊन, हे अवाबाईंना कळलं नाही ते बरं. नवीन टर्मिनल 2 आणि पश्चिम द्रुतगती मार्गावरून थेट त्याच्या दारात नेणारा उन्नत रस्ता 2014 चा. पुढे 2024 पासून किनारी रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला. प्रत्येक सोय मोटारीसाठी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा बहुतेक प्रवासी मोबाइल हातात धरून, ॲपवर मागवलेली गाडी ज्या खांबापाशी येणार त्याचा क्रमांक शोधत उभे होते.

मेट्रोने आधी हुलकावणी दिली. जून 2014 मध्ये वर्सोवा-घाटकोपर मार्ग सुरू झाला, त्यावर 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्टेशनही आहे. पण तिथून टर्मिनलला जायला पुन्हा रिक्षा. नावाने फसवण्याची सांताक्रूझची परंपरा पुढे चालू राहिली म्हणायची. खरी जोडणी झाली ती भुयारी मेट्रो 3 मुळे. 33.5 किलोमीटर, 27 स्थानकं, त्यांतली 26 जमिनीखाली. आरेच्या झाडीत मेट्रोची कारशेड बांधण्याचा वाद, 2019 ची झाडतोड, कोर्टकज्जे, सरकारं बदलली की कारशेडची जागा बदलायचे निर्णय, यांत बरीच वर्षं गेली. ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, मे 2025 मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत गाडी धावू लागली. टर्मिनल 1 आणि 2 दोन्हींना आपापलं स्थानक मिळालं. पूर्ण मार्गाचं भाडं 70 रुपये ठरलं. विमानतळावरून हुतात्मा चौक, एक गाडी, सिग्नल नाही, घासाघीस नाही.

मात्र शेवटची मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते. दोन वाजता उतरणाऱ्याच्या नशिबी आजही टॅक्सीच. शिवाय मेट्रो फोर्टात पोचेपर्यंत फोर्टातलं बरंचसं काम बीकेसीला गेलं होतं. शेअर बाजारातला मोठा भाग, बँकांची मुख्यालयं, हिऱ्यांचा बाजार, सगळं मिठीच्या काठी, विमानतळापासून थोड्या अंतरावर. शहराचं केंद्र रेल्वेची वाट पाहून कंटाळलं आणि स्वतःच विमानतळाकडे चालत आलं असं वाटावं, इतकं.

कफ परेडच्या टप्प्याचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं. त्याच दिवशी नवी मुंबई विमानतळाचंही झालं. तिथे उतरून फोर्टात यायचं तर सरळ रस्ता अटल सेतूचा: 21.8 किलोमीटर, मोटारीला एकेरी 250 रुपये टोल ठरवून सुरू झालेला. रिक्षाला तिथेही बंदी आहे.