भोंगा झाला, निघायला हवं

आमच्या गल्लीतले एक आजोबा पहाटे उठून चपला शोधतात. "भोंगा झाला, निघायला हवं," म्हणतात. सोलापुरातली त्यांची गिरणी बंद पडून कित्येक वर्षं लोटली. नातवाचं नाव त्यांना आठवत नाही, पण तुटलेला धागा हातात दिला की बोटं क्षणात गाठ मारतात आणि उरलेलं टोक दातानं तोडतात.

"साठी बुद्धी नाठी, चालायचंच," असं घरचे म्हणत राहिले आणि त्यात दोन वर्षं गेली. मला हे "चालायचंच" सहन होत नाही. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वयाचं आहे. चष्मा हातात धरून तो कशाला असतो हेच न कळणं, हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. तोही एकच आजार नव्हे. ताप जसा मलेरियाचा असतो तसा टायफॉइडचाही, तसंच हे.

आजोबांना आहे तो अल्झायमर. डिमेन्शियाच्या १०० रुग्णांत साधारण ६० ते ७० जणांना हाच असतो. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत पेशींबाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू पाहिल्याचं मांडलं. गोळे अमिलॉइड प्रथिनाचे, तंतू टाऊ प्रथिनाचे. नुकसान बहुधा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या आसपास आधी होतं, आणि नव्या आठवणी पक्क्या होतात त्या तिथंच. म्हणून सकाळचा चहा पुसला जातो, जुना भोंगा मात्र ऐकू येतो. हाताचं कसब मेंदूच्या दुसऱ्या भागांत मुरलेलं असतं, ते बरंच उशिरा ढळतं.

रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया पुष्कळदा पायरी-पायरीनं उतरतो. मेंदूला लहानसा झटका येतो, माणूस एकदम खालावतो, मग काही महिने तिथंच थांबतो. बीपी आणि साखर ताब्यात ठेवली तर पुढची पायरी टळू शकते.

लेवी बॉडी डिमेन्शियात घरचे सगळ्यांत जास्त घाबरतात. आजींना अंगणात लहान मुलं खेळताना दिसतात, अगदी फ्रॉकच्या रंगासकट. सकाळी त्या नीट बोलतात, दुपारी हरवतात. झोपेत हातपाय झाडतात, चाल आखडते. कुणी म्हणतं बाहेरचं आहे, कुणी म्हणतं वेड. खरं तर मेंदूच्या पेशींत अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन साचलेलं असतं. इथं नेमकं निदान फार मोलाचं आहे, कारण भास थांबवायला दिलेलं हॅलोपेरिडॉलसारखं औषध या रुग्णांना जिवावर बेतू शकतं.

चौथा प्रकार पन्नाशीतच गाठू शकतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात सुरुवातीला स्मरणशक्ती बरी असते, स्वभाव बदलतो. आयुष्यभर मोजूनमापून बोललेला दुकानदार गिऱ्हाईकाला शिव्या देऊ लागतो, बायकोच्या दुखण्याकडे ढुंकून बघत नाही. संसार मोडायला येतो, तरी हा मेंदूचा आजार असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. एकाच माणसात दोन प्रकार मिसळलेलेही आढळतात.

म्हणून आधी तपासणी. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांत ती बरीच आढळते), थायरॉइड, नैराश्य, न्हाणीघरात पडल्यावर कवटीत हळूहळू साचलेलं रक्त, यांतूनही असाच विसर पडतो. वेळेवर उपचार झाले तर यातले बरेच जण सावरतात.

आणि तपासणी माणसाच्या भाषेत व्हावी. हैदराबादच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं दिसलं, निरक्षरांतही. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड एकाच चौकात ऐकू येतात. पण आजार वाढला की उशिरा शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. आजोबांना दवाखान्यात मराठीतून वार, महिना विचारला तेव्हा ते गप्प बसले. लेकीनं घरच्या तेलुगूतून विचारलं. वार चुकला, पण महिना त्यांनी बरोबर सांगितला आणि वर तिला विचारलं, "जेवलीस का?"