माजी सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन

सैन्यसेवेमुळे झालेली दुखापत, जडलेला आजार किंवा सेवेत बळावलेले जुने दुखणे यांपोटी भारतीय सैन्यदलांतील जवानांना व अधिकाऱ्यांना दरमहा मिळणारी रक्कम. फौजी बोलण्यात हिला ‘डिसेबिलिटी पेन्शन’ म्हणतात. तिचे सेवा घटक (केलेल्या नोकरीपोटी) आणि अपंगत्व घटक (अपंगत्वाच्या टक्क्यानुसार) असे दोन भाग असतात. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे जवान मुदतीआधी ‘बोर्डआउट’ (वैद्यकीय कारणाने सेवामुक्त) झाला, तर सेवा घटकासाठी किमान नोकरीची अट नसते.

टक्का किती, ही चौकशी सगळे आधी करतात. प्रत्यक्षात बहुतेक दावे कारणावर अडतात. निवृत्तीपूर्वी लष्करी रुग्णालयात रिलीज मेडिकल बोर्ड बसते, तर मुदतीआधी सेवामुक्ती द्यायची असेल तेव्हा इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड. बोर्ड प्रत्येक आजारापुढे दोन नोंदी करते: तो सेवेमुळे झाला वा बळावला की नाही, आणि अपंगत्व किती टक्के. पहिले उत्तर नकारार्थी असेल तर ‘एनएएनए’ (सेवेमुळे झालेला नाही, सेवेत बळावलेलाही नाही) असा शेरा पडतो. मग टक्का साठ असला तरी अपंगत्व घटक मिळत नाही. उत्तर होकारार्थी असेल, तर किमान २० टक्के अपंगत्व लागते. उच्च रक्तदाब, मधुमेह अशा आजारांत ‘१५ ते १९ टक्के’ हे मूल्यांकन वारंवार दिसते. ते उंबरठ्याच्या जेमतेम खाली असल्याने त्यावर वादही तितकेच होतात.

एकाहून अधिक आजार असतील तर टक्क्यांची साधी बेरीज होतेच असे नाही. बोर्ड एकत्रित टक्का ठरवते आणि दोन आजारांचा परिणाम एकाच अवयवावर होत असेल, तर तो बेरजेपेक्षा कमी भरतो.

१०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या गणनीय वेतनाच्या ३० टक्के, आणि त्याखाली त्याच प्रमाणात, असा अपंगत्व घटकाचा दर आहे. गणनीय वेतनात मूळ वेतनाबरोबर मिलिटरी सर्व्हिस पे (लष्करी सेवेपोटीची वेगळी रक्कम) धरतात. हे वेतन ४०,००० रुपये असेल, तर १०० टक्क्यांना १२,००० आणि ३० टक्क्यांना ३,६०० रुपये होतात. त्यावर महागाई सवलत वेगळी मिळते. इथे ‘ब्रॉड बँडिंग’ महत्त्वाचे ठरते: पन्नासच्या आतला टक्का ५० धरतात, ५० ते ७५ मधला ७५, आणि ७६ पासून पुढे १००. म्हणजे वरच्या उदाहरणातले ३,६०० रुपये ६,००० होतात. ही सवलत आधी फक्त बोर्डआउट झालेल्यांना होती. राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये ती पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली. मात्र मुदत भरून निवृत्त झालेल्याचे अपंगत्व २० टक्क्यांखाली असेल, तर ते वर ओढून ५० होत नाही. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना झालेल्या जखमांना ‘वॉर इंज्युरी पेन्शन’ लागू होते, तिचे दर चढे आहेत. १०० टक्के अपंगत्वात सतत मदतनीस लागत असल्यास परिचर भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा ६,७५० रुपये झाला.

अपंगत्व पेन्शनच्या नियमांचे संच सेवामुक्तीच्या तारखेनुसार बदलतात: १९८२, २००८ आणि २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे. नव्या नियमांत, अपंगत्व असूनही सेवेत ठेवलेल्यांना मिळणाऱ्या रकमेला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ म्हटले आहे. शेजारच्या जुन्या पेन्शनरचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लावू नये, तो याचसाठी.

नकार आल्यास पहिले अपील सहा महिन्यांत करावे लागते, त्यानंतर दुसरे अपील, आणि पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण. ठाणे व नवी मुंबईच्या रहिवाशांना त्याचे मुंबई खंडपीठ जवळचे. धरमवीर सिंग खटल्यातला २०१३ चा निकाल अशा अपिलांचा कणा आहे: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असे मानायचे, आणि आजार सेवेमुळे झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर. म्हणून ‘आजार शांत क्षेत्रातील (लढाईच्या भागापासून दूरच्या) नेमणुकीत सुरू झाला’ एवढेच एका ओळीचे कारण बोर्डाने दिले असेल, तर ते आव्हान देण्याजोगे असते. त्यासाठी बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत हाती हवी. ती रेकॉर्ड ऑफिसकडे (सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडे) लेखी मागावी, न मिळाल्यास माहिती अधिकारात. दुखापतीच्या दाव्यात इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे (लष्करी चौकशीचे) निष्कर्ष लागतात. सुटीवर घरी येता-जाताना झालेल्या अपघातांत नेमके हेच कागद नसतात आणि दावा लुळा पडतो. उशीरही महागात जातो. तरसेम सिंग निकालाच्या (२००८) आधारे थकबाकी अनेकदा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली गेली आहे.

ठाणे जिल्ह्यात आणखी एक गोंधळ नेहमी होतो. जिल्हा रुग्णालयाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे असते आणि त्यात बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. ते एसटीच्या सवलतीसाठी उपयोगी पडते, पण लष्करी बोर्डाची जागा घेऊ शकत नाही. उलट, लष्करी पेन्शनच्या आदेशावरून यूडीआयडी आपोआप मिळत नाही. दोन्ही अर्ज वेगवेगळे करावेत.

टक्का किंवा कारण बदलणे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या हातात नसते. माजी सैनिकाचे ओळखपत्र, अर्जांचे मार्गदर्शन, कल्याणकारी मदत ही त्याची कामे. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे रायगडात, त्यामुळे तिथल्या माजी सैनिकांची नोंद अलिबागच्या कार्यालयात होते. पेन्शन आता प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीमार्फत थेट खात्यात येते. दरवर्षी हयातीचा दाखला चुकला की ती थांबते. घरबसल्या ‘जीवन प्रमाण’ या ऑनलाइन सेवेवर किंवा जवळच्या सीएससी केंद्रात तो देता येतो. ‘स्पर्श’वरील नोंदीत अपंगत्वाचा टक्का आणि ब्रॉड बँडिंग नंतरचा टक्का दोन्ही बरोबर आहेत का, हे पेन्शन पेमेंट ऑर्डरशी ताडून पाहावे. फरक आढळल्यास ‘स्पर्श’वरच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.