पोर्तुगीज चर्चचं वय भिंतींवरून कळत नाही

दादरला बसमध्ये ‘पोर्तुगीज चर्च’ अशी हाक आली की नवखा माणूस खिडकीतून जुना दगडी मनोरा शोधतो. दिसतात ते शंकूसारखे वर निमुळते होत गेलेले काँक्रीटचे घुमट. चर्च १५९६ सालचं, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी वसवलेलं. आजची वास्तू मात्र वास्तुकार चार्ल्स कोरियांची, १९७०च्या दशकातली. आत छपराखालच्या जागा आणि उघडी अंगणं एकमेकांत मिसळतात. मुंबईचा उकाडा ओळखून बांधलेलं याहून चांगलं चर्च मला माहीत नाही.

सुरुवात १५३४ची. गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना दिली. त्यांच्यामागून आलेल्या मिशनऱ्यांनी कोळी, भंडारी, कुणबी वस्त्यांमध्ये चर्च उभारली. बांद्र्याचं सेंट अँड्र्यूज १५७५चं, जेझुइट पाद्र्यांचं. त्याच्या आवारातला एकाच दगडातून घडवलेला उंच क्रूस जवळ जाऊन पाहावा. येशूच्या दुःखभोगाची चिन्हं त्याच्या अंगभर कोरलेली आहेत.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि साष्टी बेटावरचा पोर्तुगीज अंमल संपला. पण गावं तीच राहिली, त्यांची मराठी बोलीही. इथल्या याच ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. ऑक्टोबरात आगेऱ्याला, म्हणजे सुगीच्या सणाला, भाताच्या नव्या लोंब्या आजही चर्चमध्ये आशीर्वादासाठी येतात.

टोकदार कमानी आणि रंगीत काचा ही आपल्या डोळ्यांसमोरची चर्चची प्रतिमा मात्र बरीचशी इंग्रजी काळातली. कुलाब्याचं होली नेम १९०५चं. माउंट मेरीची आजची इमारत १९०४ची, तिचे वास्तुकार शापूरजी चांदाभॉय. भायखळ्याचं ग्लोरिया चर्चही मूळचं माझगावचं, १६३२चं. आजच्या जागी ते १९१३च्या सुमारास उभं राहिलं.

दादरला माणसं राहिली, भिंती बदलल्या. अंधेरीला याच्या उलट झालं. १५७९चं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च साथीच्या रोगामुळे १८४०मध्ये सोडावं लागलं आणि सगळी धर्मसभा मरोळला गेली. जुनी वास्तू १९७३नंतर सीप्झ या निर्यात उद्योगांच्या वसाहतीच्या कुंपणात अडकली. छप्पर कधीच गेलंय, भिंतींवर झाडं वाढलीत. आत जायचं तर परवानगी लागते. तरीही मे महिन्यात सणाला मरोळची माणसं तिथे जमतात आणि त्या उघड्या भिंतींमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होते.